चौथ्या ओळीतलं नाव

गुरुदास पेडणेकरबद्दल वाईट बोलणारा माणूस मालवणच्या बंदरावर शोधूनही सापडला नसता. सकाळच्या एस.टी.ने कट्टा गावाहून यायचा, मच्छीमार सोसायटीत दिवसभर कारकुनी करायचा आणि संध्याकाळच्या एस.टी.ने घरी परतायचा. डिझेलचा कोटा कधीच संपलेला असला तरी समोरच्याला तो ‘नाही’ म्हणत नसे. ‘बघूया, उद्या-परवा एक फेरी मारा’ म्हणे. तो बापडा उद्या येई, परवा येई, आणि शेवटी चेअरमनच्या तोंडून एका शब्दात नकार ऐकून चेअरमनला शिव्या घालत पायऱ्या उतरे. गुरुदासला मात्र जाता जाता चहा पाजून जाई. असा हा सगळ्यांचा लाडका माणूस.

त्याची बायको लीला मात्र या गोडव्याला पुरती ओळखून होती. तिचे वडील आचऱ्याला वारले तेव्हा निरोप सोसायटीच्या फोनवर आला होता. गुरुदास घरी गेला आणि म्हणाला, “बाबांका जरा बरा नाय, बघून येवया.” लीलाने ठेवणीतलं लुगडं काढलं, वडिलांना आवडतात म्हणून परसातले आंबे पिशवीत भरले, आणि एस.टी.त शेजारणीशी हसतखिदळत माहेरच्या दारात उतरली. दारात तिरडी बांधत होते. “माका नटवून न्हेलास माज्या बापाशीच्या मयताक,” हे वाक्य तिने नवऱ्याला पुढे कितीदा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. गुरुदास मान खाली घालून म्हणायचा, “माजी जीबच वळली नाय गो.” आणि ते खरंच होतं. त्याची जीभ कडू शब्दाकडे वळतच नसे.

अशा माणसाला जग दयाळू म्हणतं. दुसऱ्याचं रडणं आपल्याला बघवत नाही म्हणून जो गप्प बसतो तो दयाळू की नुसताच भित्रा, हा निवाडा करायची वेळ सहसा येत नाही. गुरुदासच्या बाबतीत ती आली, आणि ती आणली एका मशीनने.

सोसायटीच्या पडवीत पूर्वी एक काळा फळा होता. लांबच्या मासेमारीला जाणारी होडी सुटली की गुरुदास तिचं नाव खडूने फळ्यावर लिही. होडी परत धक्क्याला लागली की नाव पुसायचं. पण ते गुरुदासने नव्हे. ज्या घरची होडी त्या घरच्या माणसाने येऊन आपल्या हाताने पुसायचं. परक्या हाताने नाव पुसलं तर होडीचं बरं होत नाही, अशी बंदरावरची समजूत. पुरुष मासे उतरवण्यात गुंतलेले, म्हणून बहुतेक वेळा बायकाच यायच्या आणि लुगड्याच्या पदरानेच नाव पुसून जायच्या. पदराला खडू लागलेली बाई बाजारातून चालली की तिचा माणूस सुखरूप घरी आला, हे सगळ्या बाजाराला न विचारता कळायचं.

शहाऐंशी साली चेअरमन दत्ताराम मोंडकरांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. त्यांचा पुतण्या मुंबईत कॉम्प्युटर विकायचा. बंदरावरची पहिली कॉम्प्युटरवाली सोसायटी आपली, ही हौस चेअरमनना भारीच. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला तसा एक कॉम्प्युटरलाही दिला. त्या खोलीत चपला घालून जायची बंदी झाली. एकुलता एक टेबलफॅन कारकुनाकडून काढून मशीनकडे वळवला. हिशेब जुन्याच वह्यांतून चालू राहिले, कारण कॉम्प्युटरवर हिशेब कसे करायचे ते पुतण्याने अजून शिकवलं नव्हतं. पण फळा मात्र उतरवला. पुतण्याने एक प्रोग्राम करून दिला होता. होडी गेली की नाव टाइप करायचं, ते पडद्यावरच्या पहिल्या रिकाम्या ओळीत जाऊन बसे. होडी आली की एक बटण दाबायचं, नाव नाहीसं.

पडदा खिडकीत पडवीकडे तोंड करून मांडला. समोर भर उन्हातला समुद्र, त्याच्या झळाळीत हिरवी अक्षरं दिसेनात, म्हणून उजेड असेल नसेल तेवढा वाढवून ठेवला. वीज गेली तर शेजारच्या बर्फाच्या कारखान्याचा जनरेटर होताच. रात्रीसुद्धा पडदा बंद करायचा नाही, असा चेअरमनचा हुकूम. “दर्यातसून येणाऱ्याक सोसायटीचो दिवो दिसाक व्हयो,” ते म्हणायचे. अक्षरं इंग्रजी. बायकांना ती वाचता येत नव्हती, पण आपापल्या नावाचा आकार महिन्याभरात सगळ्यांनी ओळखून ठेवला. रीतही मोडली नाही. होडी आली की बाई खिडकीशी येऊन “पुसा वो आमचा” म्हणे, आणि मगच गुरुदास बटण दाबी. तिने म्हटल्याशिवाय त्याने कुणाचं नाव काढलं नाही.

पुढे मशीनची तपासणी करायला कोल्हापूरहून एक इंजिनिअर आला. त्याने पडद्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

“एवढा उजेड ठेवून हा रात्रंदिवस चालू ठेवू नका,” तो गुरुदासला म्हणाला. “एकच अक्षरं एकाच जागी फार काळ राहिली की काचेच्या आतला लेप तिथे जळतो. मग अक्षरं काढली तरी त्यांचा डाग राहतो. तो जन्मात जात नाही.”

“हो हो, साहेब. सांगतो चेअरमनना,” गुरुदास म्हणाला. सांगितलं नाही. चेअरमनना त्यांच्या दिव्याबद्दल कोण सांगणार? वाईट वाटलं असतं त्यांना.

त्याच वर्षी कार्तिकात वादळ झालं. वादळाच्या आदल्या दिवशी तोंडवलीच्या शंकर केळुसकरची ‘सातेरी प्रसाद’ सुटली होती. होडी हाकणारा तांडेल शंकर स्वतःच, बरोबर दोन खलाशी. गुरुदासने नाव टाइप केलं तेव्हा वरच्या तीन ओळी भरलेल्या होत्या. ते चौथ्या ओळीत बसलं. बाकीच्या होड्या कुणी देवगडात, कुणी वेंगुर्ल्यात आसरा घेऊन दोन-चार दिवसांत परतल्या. बायका खिडकीशी आल्या, “पुसा वो” म्हणाल्या, नावं गेली. ‘सातेरी प्रसाद’च्या खलाशांची प्रेतं वाळूत लागली. त्यांच्या घरी रडारड झाली, दिवसकार्य झालं. शंकर काही लागला नाही. आणि होडीचं नाव तांडेलाच्या घरचं, त्या घरातून पुसायला सांगायला कुणी आलं नाही.

आली ती शंकरची बायको सुभद्रा. पण पुसा म्हणायला नव्हे. सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई, पोरबाळ नाही, सासू-सासरे नाहीत. दर सोमवारी बाजाराला मासे घेऊन मालवणात यायची, टोपली रिकामी झाली की खिडकीसमोर उभी राहून चौथी ओळ बघायची आणि जायची. नाव आहे म्हणजे होडी अजून दर्यात आहे. पुसलं नाही तोवर गेला असं म्हणता येत नाही. तिच्या कपाळाचं कुंकू त्या चौथ्या ओळीवर टिकून होतं.

गुरुदासला ते बघवत नसे. तो तिला आत बोलवायचा, बाकावर बसवायचा, चहा मागवायचा. समुद्रावरची कुठलीही खबर, रत्नागिरीहून असो की गोव्याहून, पहिली यायची ती सोसायटीच्या फोनवर, म्हणजे गुरुदासच्या कानात. म्हणून ती त्यालाच विचारायची. “काय खबर, भाऊनू?”

“येतली गो, येतली,” गुरुदास म्हणायचा. एकदा तिचा चेहरा फारच उतरलेला दिसला तेव्हा त्याने देवगडच्या एका खलाशाची गोष्ट सांगितली. वादळात वाहून गेला होता, सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि महिनाभराने कारवारकडच्या कुठल्या ट्रॉलरवरून धडधाकट परत आला. गोष्ट खरीच होती. फक्त फार जुनी होती, आणि त्या खलाशाच्या हाती एक फळकूट लागलं होतं, वादळही दुसऱ्याच दिवशी शमलं होतं. हे बारकावे गुरुदासने गाळले. सुभद्रा चहाचा कप दोन्ही हातांत धरून ऐकत राहिली.

चेअरमन मधूनमधून खेकसायचे, “ता नाव काढ रे आता. जुनाट झाला.”

“बघूया,” गुरुदास म्हणायचा.

वर्ष उलटलं. बाकीच्या ओळींत नावं येत होती, जात होती. आज कुणी, उद्या कुणी. चौथी ओळ तेवढी हलली नाही.

सुभद्राचा भाऊ वेंगुर्ल्याला होता, त्याला सगळे भाईच म्हणायचे. बहीण तोंडवलीच्या वाळूत एकटी राहते याचा त्याला घोर होता. त्याने खटपट करून आपल्या गावच्या अंगणवाडीत तिच्यासाठी मदतनिसाची जागा मिळवली. राहायला त्याच्याच घरी. पण त्याचं म्हणणं असं, की आधी शंकरचे विधी होऊन जाऊ देत. अधांतरी लोंबकळत बहिणीला किती वर्षं ठेवायची? सुभद्रा ऐकेना. शेवटी शिमगा झाल्यावर भाई तिला घेऊन देवळात गेला आणि गुरवाकडून कौल लावला. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पाकळी पडली. विधी करा, असा कौल झाला. सुभद्राने देवीपुढे डोकं टेकलं आणि म्हणाली, “आता नाव पुसून येतंय.”

पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा टोपली नव्हती. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. भाई पायरीखाली उभा राहिला. वेंगुर्ल्याची एस.टी. थोड्या वेळाने सुटणार होती, तिचं बोचकं त्याच्या हातातच होतं.

“पुसूचा आसा, भाऊनू,” ती म्हणाली. “पण मीच पुसतलंय. माज्या हातान.”

गुरुदास खुर्चीवरून उठला. त्याने तिला आत घेतलं. तिने चपला बाहेर काढल्या, पदराने हात पुसले, दोनदा पुसले. त्याने बटण दाखवलं. तिने बोट ठेवलं, पण दाबवेना. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मग दाबलं.

पडद्यावरचं हिरवं नाव गेलं. आणि गेलंही नाही. मागच्या फिकट हिरव्या उजेडात त्याच जागी काळपट तपकिरी अक्षरं उभी होती, सावलीसारखी. एकेक अक्षर वाचता येत होतं. SATERI PRASAD.

गुरुदासला इंजिनिअरचं बोलणं लख्ख आठवलं. पडद्याच्या माथ्यावर कायम असणारं सोसायटीचं नावही तसंच जळलेलं असणार हे त्याला कळलं. एका वाक्यात सांगण्यासारखी गोष्ट होती. काच जळली आहे, बाकी काही नाही. त्याने सुभद्राकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. मग ती वळली आणि त्याच्याकडे बघू लागली. केवढा तरी वेळ बघत राहिली. तिचे ओठ जरा विलगले होते, आणि गेल्या कित्येक महिन्यांत जे तिच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं तसं काहीतरी तिथे उजळत होतं. उमेद होती ती. गुरुदासला ती ओळखता आली. ती आता आपल्या एका शब्दाने विझणार हेही कळलं.

त्याने खाली बघितलं. टेबलावरची टाचणी उचलली, पुन्हा ठेवली.

“बरा,” सुभद्रा हळूच म्हणाली. “रवांदे तर.”

ती बाहेर गेली, भाईच्या हातातून बोचकं घेतलं आणि तोंडवलीच्या एस.टी.कडे चालू लागली. भाई तिच्या मागे धावला. रस्त्यात त्या दोघांची बोलाचाली झाली ती गुरुदासने खिडकीतून बघितली. भाई एकटाच परत गेला. विधी राहिले. अंगणवाडीतली जागा दोन महिन्यांत दुसऱ्या बाईला मिळाली.

गुरुदासने स्वतःची समजूत घातली. बाईला जगायला आधार लागतो, तो तिला मिळाला, आपण का हिसकावून घ्यावा? आपण खोटं तर काही बोललो नाही. नुसते गप्प बसलो. अशा समजुती घालण्यात तो वाकबगार होता. चौथ्या ओळीत नवीन होडीचं नाव येऊ नये म्हणून तो काही दिवस धडपडलाही. पण प्रोग्राम पुतण्याचा, तो पहिली रिकामी ओळ भरणारच. मग ‘सातेरी प्रसाद’वर दुसरीच नावं येऊन बसू लागली, आणि ती गेली की खालून पुन्हा तेच नाव वर यायचं.

सुभद्रा दर सोमवारी येतच राहिली. खिडकीपाशी क्षणभर थांबायची, मग आत येऊन बाकावर बसायची. आता ती “काय खबर” असं विचारत नसे. नुसती बसायची आणि गुरुदासकडे बघायची. गुरुदास चहा मागवायचा. “बरा आसा मां?” म्हणायचा, हसायचा. ती चहा प्यायची आणि जायची.

एकोणनव्वद साली गणपतीच्या सुमारास पडदा पुरताच बिघडला. चेअरमनचा पारा चढला. कोल्हापूरचा तोच इंजिनिअर आला, पडदा काढून उन्हात धरला आणि जळक्या अक्षरांवर बोट फिरवून चेअरमनना म्हणाला, “मी सांगितलं होतं तुमच्या माणसाला.” गुरुदास ओशाळून हसला. नवीन पडदा आला. त्यावर चौथी ओळ स्वच्छ होती.

त्या दिवशी घरी जेवताना गुरुदासने हा इंजिनिअरचा किस्सा लीलाला रंगवून सांगितला. सांगता सांगता सुभद्राचं नाव निघालं, आणि बटण दाबल्याचा दिवसही. लीलाचा वाढता हात थांबला.

“आणि तुमी तिका सांगलास नाय?”

“कसा सांगतलंय? तोंड बघूक व्हया होतास तिचा.”

“तोंड बघलास म्हणानच सांगूचा होता.” लीलाने आमटीची पळी भांड्यात टाकली. “माज्या बापाशीच्या मयताक माका नटवून न्हेलास, ता मी गिळलंय. ह्या बायकेक तुमी दीड वर्सा दारात नटवून बसवून ठेवलास. भाऊ गेलो, काम गेला तिचा. उद्या जावा. पयल्या गाडयेन जावा. आणि सांगून येयपर्यंत माका तोंड दाखवू नकात.”

गुरुदासने ताट बाजूला सारलं. लीलाच्या रागाचं त्याला काही नव्हतं, त्याची त्याला सवय होती. पण ‘बसवून ठेवलास’ हा शब्द त्याला बोचला. आजवर आपण तिला आधार दिला असंच तो धरून चालला होता.

सोसायटीत रजा टाकून तो तोंडवलीला उतरला. सुरूच्या बनातून वाट जात होती. वाळूतल्या घराच्या अंगणात सुभद्रा दुसऱ्या कुणाचं तरी फाटकं जाळं पसरून शिवत बसली होती. अंगणाच्या दगडी गडग्यापाशी त्याला बघितलं मात्र, ती ताडकन उठली. हातातली जाळ्याची सुई तिथेच पडली. “बसा, बसा, भाऊनू, इलंय मी,” म्हणत ती आत पळाली. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती तोंड धुऊन, ताजं कुंकू लावून, घडीचं लुगडं नेसून. पाहुणा आला म्हणून, असं गुरुदासला वाटलं. तिने त्याच्यापुढे गूळ-पाणी ठेवलं आणि समोर जमिनीवर बसली. 

“सांगा,” ती म्हणाली.

गुरुदासने एस.टी.त मनाशी जुळवून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं, थांबला तर जीभ वळणार नाही म्हणून. “सुभद्रा, त्या दिसा तू बटण दाबलंस तरी नाव रवला. पण ता नाव नाय होता गो. ती काच जळली होती. रात्रंदिवस येकच नाव येकाच जाग्यार रवला, तेचो डाग पडलो. शंकराचो तेच्यात काय संबंध नाय. माका म्हायत होता. मी तेवा तुका सांगूक नाय. चूक झाली माजी.”

सुभद्रा त्याच्याकडे बघत राहिली. तो अजून काहीतरी बोलेल याची वाट बघत असल्यासारखी.

“ता माका तेवाच कळला,” ती म्हणाली. “बांगडी काढली काय मनगटार वळ रवता. वळ म्हणजे काय बांगडी? येवढी मी खुळी नाय, भाऊनू.”

गुरुदासला काही उमगेना. “मगे तू भाईवांगडा गेलंस नाय ती कित्याक?”

“तुमच्यामुळा.”

तिने ते साधेपणाने सांगितलं, दोष दिल्यासारखं नाही.

“नाव पुसलंय आणि मी तुमच्या तोंडाकडे बघलंय. दर्यावयली खबर पयली येता ती तुमच्याकडे. ‘संपला गो, आता जा’ असा येक शब्द तुमी बोलल्यात आसतात तर मी तशीच पायरी उतरान एस्टीत बसलंय आसतंय. तुमी खाली बघलास. माका वाटला, तुमका काय तरी कळलेला आसा. कारवारसून परत इल्या त्या खलाशासारखा. नक्की नाय म्हणान बोलणत नाय, पण आसा.” तिने पदर बोटाला गुंडाळला. “सोमवारी सोमवारी मी काय नाव बघूक येय नाय होतंय. तुमी कधी सांगतास ता बघूक येय होतंय. तुमी चाय देय होतास. बरा हसा होतास. मी म्हणा होतंय, अजून येळ आसा. आणि आज तुमका आपणहून गडग्याकडसून येताना बघलंय...”

 गुरुदासने तिच्या कपाळावरच्या ओल्या कुंकवाकडे बघितलं, घडी मोडलेल्या लुगड्याकडे बघितलं. आणि मगच त्याला कळलं की ती कशासाठी नेसून आली होती.

“म्हणजे खबर काय नाय?” तिने विचारलं.

‘बघूया’ हा शब्द त्याच्या ओठांवर आला. ‘येतली गो, येतली’ तेही आलं. दोन्ही किती सवयीचे, किती मऊ. त्याला स्वतःच्या जिभेची किळस आली.

“नाय गो,” तो म्हणाला. “काय खबर नाय. कधीच नाय होती. शंकर आता येवचो नाय.”

ती वाळूत पडलेल्या सुईकडे बघत होती.

“ह्या तेवा म्हणूचा होतास,” ती म्हणाली.

आणि मग ती रडली. बुडालेल्या माणसासाठी बाई जशी रडते तशी, छाती पिटून, नाव घेऊन, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी. इतक्या वर्षांत तिला असं रडताना कुणी ऐकलं नव्हतं. गुरुदास उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. बांधाबांधावरून शेजारच्या बायका धावत आल्या. एक म्हातारी धापा टाकत गडग्याशी थांबली आणि अंगणात उभ्या असलेल्या या परक्या माणसाला तिने विचारलं, “काय झाला, रे? कोण गेलो?”

“शंकर,” गुरुदास म्हणाला. “शंकर गेलो.”